पार्ट बदलण्याआधी मीटर: शेतयंत्रांच्या वायरिंगची हत्यारं

मागचे दोन भाग कार्ब्युरेटरवर गेले. पण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी मोजल्या तर निम्म्याअधिक दुसऱ्याच असतात. ‘सेल्फ घेत नाही’, ‘प्लगला करंट येत नाही’, ‘नवी बॅटरी टाकली तरी दोन दिवसांत बसते’. म्हणून आज वायरिंग. पॉवर टिलर, ब्रश कटर, चेन सॉ, छोटा जनरेटर अशा उघड्यावर चालणाऱ्या यंत्रांचा विजेचा भाग दुरुस्त करायला कोणती हत्यारं लागतात, मीटर कोणता घ्यायचा, आणि मुख्य म्हणजे तो मीटर कुठे फसवतो, हे आज बघू.

हे रेकॉर्डिंग तंजावरात करतोय. तंजावर म्हटलं की आपल्याला सरफोजी राजे आणि सरस्वती महाल आठवतो. पण शहराबाहेर पडलात की दोन्ही बाजूंना भात आणि भातच. मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडायची रूढ तारीख १२ जून. कावेरीचं पाणी खाली आलं की कुरुवै, मग सांबा, मग ताळडी अशी पिकं लागतात. चिखलणीचे दिवस मोजके असतात आणि टिलर नेमका त्याच दिवसांत बंद पडतो. मग माणूस घाबरून दुकानात जातो आणि सांगतील तो पार्ट घेतो. आधी कॉइल. नाही जमलं तर सेल्फ. तरी नाही तर बॅटरी. विजेचा पार्ट एकदा बसवला की दुकानदार परत घेत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. घरच्या पोत्यात असे धडधाकट ‘जुने’ पार्ट साठलेले मी किती तरी जणांकडे बघितलेत.

इथली माती गाळाची, चिकट. हवा दमट. यंत्र अर्धा वेळ पाण्यात. कोकणात किंवा भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. अशा ठिकाणी बहुतेक वेळा बिघडतो तो पार्ट नव्हे, जोड बिघडतो. तांब्यावर हिरवा थर येतो, लगच्या आत गंज चढतो, बॉडी अर्थच्या बोल्टखाली रंग असतो. आणि उंदीर, ते तर सगळीकडेच. जोड बिघडलाय की पार्ट, हे ज्याला मोजून सांगता येतं त्याचे पैसे वाचतात.

पहिलं हत्यार मीटर नाही. टेस्ट लॅम्प. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला होल्डर लावा, दोन हात-दोन हात वायर सोडा, एका टोकाला मगरीची चिमटी, दुसऱ्याला टोकदार सळई. खर्च चहा-नाश्त्याएवढा. आता हा बल्ब मीटरपेक्षा बरा का? कारण तो पेटायला पावणेदोन अँपियर लागतात. डिजिटल मीटरला व्होल्ट दाखवायला जवळजवळ काहीच लागत नाही. चांगल्या मीटरचा आतला रोध एक कोटी ओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टला तो एका अँपियरचा साधारण दहा लाखावा हिस्सा ओढतो. वायरीचा जोड आतून गंजून जेमतेम टेकलेला असला, तरी मीटर खुशाल १२.६ दाखवेल. तुम्ही म्हणाल वायर चांगली आहे. बल्ब लावा, मिणमिणेल. खरं काय ते बल्ब सांगतो.

इथला कालवा डोळ्यासमोर आणा. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतांना तमिळमध्ये कडैमडै म्हणतात. सगळी दारं बंद असली की कालव्यात पाणी वरपासून खालपर्यंत सारखं उभं राहतं. दारं उघडली, पाणी वाहायला लागलं, की मधे गाळ कुठे बसलाय ते टोकाच्या शेतकऱ्याला लगेच कळतं. वीजही तशीच. करंट वाहत नसताना घेतलेलं व्होल्टचं माप जोडाबद्दल काहीच सांगत नाही. माप घ्यायचं ते काम चालू असताना.

एकच धोक्याची सूचना: हा २१ वॅटचा बल्ब इग्निशन कॉइलच्या स्टॉप वायरला किंवा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलच्या वायरला लावू नका. तिथे बल्बातून १२ व्होल्ट घुसले तर कॉइलमधलं इलेक्ट्रॉनिक जळतं. तिथे फक्त मीटर.

आता मीटर. बाजारात तो पिवळा छोटा मीटर सगळ्यांनी बघितलाय, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. १२ व्होल्टच्या कामाला तो चालतो, मी नावं ठेवणार नाही. पण त्याच्या १० अँपियरच्या भोकाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की इथे फ्यूज नाही. लाल वायर त्या भोकात राहिली आणि तुम्ही व्होल्ट बघायला बॅटरीला टोकं लावली, तर तो मीटर नाही, सरळ शॉर्ट आहे. वायर लाल होते, बोटं भाजतात. म्हणून सवय लावा: अँपियर मोजून झाले की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात. आणि २३० व्होल्टच्या कामाला हा मीटर वापरूच नका. जनरेटर, घरचा बोर्ड, पंपाचा स्टार्टर यांना दोन्ही भोकांना फ्यूज असलेला, कॅट थ्री ६०० व्होल्टचा शिक्का खरोखर मिळवलेला मीटर घ्या. आपल्या नाशिकला मोटवाने आणि ऋषभ आहेत, नवी मुंबईत मेको आहे. परदेशी नावाचाच हट्ट धरायची गरज नाही.

घेताना बघायच्या गोष्टी थोड्याच. बीपचा आवाज टोक लागताक्षणी आला पाहिजे, उशिरा आला तर हलणारी तुटकी वायर पकडता येत नाही. वारंवारता, म्हणजे हर्ट्झ, मोजता आली पाहिजे, जनरेटरसाठी. आणि ट्रू आरएमएस असेल तर उत्तम, कारण छोट्या जनरेटरची लहर नेहमी सरळ नसते आणि साधा मीटर तिथे चुकीचा आकडा देतो. बाकी तापमान, ट्रान्झिस्टर वगैरे असलं तर असलं.

मला सगळ्यात जास्त वेळ ज्या मापावर द्यायचाय ते म्हणजे व्होल्टेज ड्रॉप. नाव मोठं आहे, काम सोपं. एक उदाहरण घेऊ. सेल्फचा टिलर. बटण दाबलं की नुसतं ‘कट्’ होतं, इंजिन फिरत नाही. बॅटरी मोजली, १२.६. मालक म्हणतो सेल्फ गेला. थांबा. एकाला बटण दाबायला बसवा आणि दाबलेलं असताना मोजा.

बॅटरीच्या दोन खांबांवर मीटर: १२.१. म्हणजे बॅटरी तगडी आहे, ती खाली बसत नाही. आता सेल्फच्या जाड खिळ्यावर लाल आणि सेल्फच्याच बॉडीवर काळी: ६.८. बॅटरी १२.१ देते आणि सेल्फला ६.८ पोचतात. मधे ५.३ व्होल्ट कोणीतरी खाल्ले. कोणी? मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं सेल्फच्या जाड खिळ्यावर, बटण दाबा: ०.३. ही बाजू ठीक. आता एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर, बटण दाबा: ५.०. सापडला. मायनसची जाड वायर ज्या बोल्टने चासीला लावली आहे तो खोला, खाली रंग आणि हिरवा चिखल. घासा, आवळा, सेल्फ गरकन फिरेल. खर्च एक पॉलिश पेपर.

आता हाच जोड ओहमवर मोजला असता तर? हिशोब करू. करंट समजा ६० अँपियर वाहतोय. ५ व्होल्ट भागिले ६०, म्हणजे ०.०८ ओहम. मीटरची दोन टोकं एकमेकांना लावलीत तरी ०.२ किंवा ०.३ ओहम दिसतात, ती मीटरच्या स्वतःच्या वायरींची असतात. म्हणजे ज्या दोषाने टिलर शेतात उभा आहे, तो दोष मीटरच्या वायरीपेक्षाही लहान आहे. बीप मोडमध्ये तर तो वाजून ‘सगळं ठीक’ सांगेल. बीप वाजला म्हणून जोड चांगला असं कोणी म्हणालं, तर त्याला हा हिशोब दाखवा.

आकडे लक्षात ठेवायचे तर असे: सेल्फ दाबलेला असताना प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आणि अर्थच्या बाजूला ०.२ पेक्षा जास्त जाऊ नये. एका जोडावर ०.१ च्या वर गेलं की तो जोड उघडायचा. माप घेताना ब्रश खांबाला लावताय की खांबावरच्या चिमट्याला, हेही बघा. खांब आणि चिमटा यांच्या मधेच पांढरा थर असतो आणि तिथेच एक-दोन व्होल्ट जातात.

बॅटरीचं थोडक्यात. रात्रभर उभ्या असलेल्या बॅटरीला १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. चार्जरवरून आत्ताच काढलेली असेल तर हा आकडा खोटा, आधी दोन मिनिटं हेडलाइट लावून ठेवा. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्या, पण आधी पूर्ण चार्ज करून परत बघा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर अजूनही छान काम करतो. सहा खणांपैकी एकाचं माप बाकीच्यांपेक्षा बरंच खाली असेल तर तो खण गेला, मीटर काहीही दाखवू दे.

आता ब्रश कटर आणि चेन सॉ. यांना बॅटरी नसते. फ्लायव्हीलवर चुंबक, शेजारी कॉइल, एक प्लग आणि एक स्टॉपची वायर. इतकंच. स्पार्क बघायची आपली पद्धत म्हणजे प्लग काढायचा, सिलेंडरला टेकवायचा, दोरी ओढायची. दोन अडचणी आहेत. एक तर तिथेच पेट्रोलची वाफ असते. दुसरी, उघड्या हवेत प्लगच्या ०.६ मिलिमीटर फटीतून ठिणगी सहज उडते. सिलेंडरच्या आत हवा दाबलेली असते, तिथे तीच ठिणगी उडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून अशक्त कॉइलसुद्धा बाहेर छान निळी ठिणगी दाखवते आणि आत मार खाते. स्पार्क टेस्टर घ्या, फट कमीजास्त करता येणारा. चार मिलिमीटरवर ठिणगी उडाली तर कॉइलला जोर आहे. आणि प्लगची टोपी मोकळी लटकती ठेवून दोरी कधी ओढू नका. व्होल्टला बाहेर वाट मिळाली नाही तर ते कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढतात.

ठिणगी नाही. लगेच कॉइल मागवायची? आधी कॉइलवरची स्टॉपची बारीक वायर काढा आणि परत ओढा. ही वायर बॉडीला लागली की इंजिन बंद होतं, तेच तिचं काम. ब्रश कटरमध्ये ती दांड्यावरून हँडलच्या बटणापर्यंत जाते, वाटेत घासते, चिमटते, सोलते. काढल्यावर ठिणगी आली तर कॉइल धडधाकट आहे, वायर किंवा बटण बदला. पण ती काढून यंत्र सुरू करून शेतात जाऊ नका, बटणाने बंद होणार नाही. पातं फिरत असताना बंद न होणारा ब्रश कटर म्हणजे काय, ते सांगायची गरज नाही.

वायर काढूनही ठिणगी नाही, तर कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यातली फट बघा. साधारण ०.३ मिलिमीटर असते, नक्की आकडा यंत्राच्या पुस्तकात मिळेल. लोखंडी फीलर गेज इथे चुंबकाला चिकटतं आणि हात फसतो, म्हणून पितळी किंवा प्लास्टिकचं वापरा. नसेल तर जाड व्हिजिटिंग कार्ड. चुंबकासमोर कार्ड, कॉइल त्यावर दाबली, स्क्रू आवळले, कार्ड ओढून काढलं. हे जुगाड नाही, चांगले मेकॅनिक असंच करतात.

मग ओहम. प्लगच्या टोपीपासून कॉइलच्या लोखंडी पत्र्यापर्यंत काही हजार ओहम यायला हवेत. टोपीतही रोध असतो, म्हणून टोपी काढून परत मोजा. काहीच आलं नाही तर कॉइल आतून तुटली. पण आकडा बरोबर आला म्हणून कॉइल बरोबर, असं मात्र होत नाही. आतलं इलेक्ट्रॉनिक ओहमवर दिसत नाही. वीस मिनिटं चालून बंद पडणारं यंत्र थंड झाल्यावर मोजून उपयोग नाही, बंद पडल्याक्षणी, गरम असतानाच स्पार्क टेस्टर लावा. आणि एक जागा अशी आहे जिथे सगळे मीटर मुके: पातं दगडावर आदळून फ्लायव्हीलची चावी कापली गेली, तर ठिणगी जोरात येते पण चुकीच्या वेळी. तिथे पुलर लावून फ्लायव्हील काढून डोळ्यांनीच बघावं लागतं. हातोडीने मारून काढू नका, चुंबक तडकतो.

चार्जिंग. इंजिन चालू, बॅटरीवर मीटर: १३.८ ते १४.५ हवेत. १२ च्या घरातच राहिलं तर स्टेटरचा सॉकेट काढा, मीटर एसीवर करा, दोन्ही पिवळ्या वायरींच्या मधे मोजा. पूर्ण वेगाला बहुतेक यंत्रांत वीसच्या वर व्होल्ट येतात. येत असतील तर स्टेटर चांगला, संशय कटआउटवर. तो बदलण्याआधी त्याचे दोन बोल्ट घासून बसवा, कारण बऱ्याच कटआउटचा अर्थ त्याच्या बॉडीतूनच जातो. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग येतंय का’ बघायची जुनी खोड सोडून द्या, कटआउट त्यानेच मरतो. अँपियर बघायला टाँग टेस्टर सोयीचा, फक्त घेताना विचारा की तो डीसी मोजतो का. स्वस्तातले बहुतेक फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या वायरीला शून्य दाखवतात.

जनरेटरबद्दल बोलताना इथे कोणीही २०१८ आठवतो. १६ नोव्हेंबरच्या पहाटे गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला लागलं. पट्टुकोट्टै, पेरावूरणी भागातल्या नारळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब हजारोंनी पडले, कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. अशा वेळी वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडलेले जनरेटर बाहेर निघतात, म्हणून त्याची मापं आधीच माहीत हवीत.

दोन पोलचा जनरेटर ३००० फेऱ्यांना ५० हर्ट्झ देतो. रिकामा चालताना ५१-५२ दिसले तर चालेल, भार टाकल्यावर ५० च्या आसपास यावे. व्होल्ट कमी आणि हर्ट्झही कमी, तर दोष इंजिनच्या गव्हर्नरचा. हर्ट्झ बरोबर आणि व्होल्ट कमी, तर एव्हीआर, कार्बन ब्रश किंवा कपॅसिटर. हर्ट्झ मोजणारा मीटर घ्या म्हणालो तो यासाठी. नाहीतर माणूस एव्हीआर बदलत बसतो आणि दोष स्प्रिंगचा असतो. कपॅसिटरला हात लावण्याआधी तो बल्बमधून रिकामा करा, इंजिन बंद असलं तरी तो भरलेला असू शकतो.

स्क्रूड्रायव्हरच्या टेस्टरवर इथे अजिबात भरवसा नको. बऱ्याच छोट्या जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. टेस्टर दोन्ही पिनांवर मंद पेटतो किंवा एकाही पिनेवर पेटत नाही, आणि दोघांच्या मधे मात्र २३० व्होल्ट असतात. टेस्टर पेटला नाही म्हणून वीज नाही, असं समजून हात घालू नका.

आणि जनरेटरची वायर दोन बाजूंच्या पिना करून घरच्या सॉकेटमध्ये खुपसायची, हा प्रकार वादळानंतर सर्रास होतो. ती वीज तुमच्या मीटरमधून बाहेर लाइनवर जाते, रोहित्र ती उलटी चढवतं, आणि पलीकडे ११,००० व्होल्टच्या लाइनवर कोणी वायरमन बंद लाइन समजून काम करत असतो. चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय जनरेटर घराला जोडायचा नाही. यात सवलत नाही.

पाण्यात भिजलेला जनरेटर किंवा पंपाची मोटर थेट सुरू करू नका, आधी मेगर. साधा मीटर ९ व्होल्टच्या बॅटरीने बघतो, मेगर ५०० व्होल्टने. ओलसर वेटोळ्यातली गळती ९ व्होल्टला दिसत नाही. वेटोळं आणि बॉडी यांच्या मधे एक मेगओहमच्या खाली आलं तर चालवू नका. बाजूला १०० वॅटचा पिवळा बल्ब लावून, वरून पोतं झाकून एक-दोन दिवस सुकवा, परत मोजा. मेगर लावताना एव्हीआर, डायोड, इलेक्ट्रॉनिक सगळं सोडवून ठेवा. मेगर प्रत्येकाने विकत घ्यायची गोष्ट नाही, गावातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे असतो.

राहिली छोटी हत्यारं. लग दाबायचा क्रिम्पिंग प्लायर दातेरी रॅचेटचा घ्या, साध्या पक्कडीने चेपलेला लग दोन महिन्यांत ढिला होतो. चेपल्यावर जोरात ओढून बघा, निघाला तर बरं झालं, शेतात निघाला असता. वर हीट श्रिंक, आतून गोंद असलेली. नुसती काळी चिकटपट्टी चिखलात टिकत नाही. डाग दिलेला जोड इंजिनच्या थरथरीत डागाच्या कडेला तुटतो, म्हणून हलणाऱ्या वायरीला क्रिम्पच बरा. खांबांवर पेट्रोलियम जेली, पण जोड घासून आवळल्यानंतर, आधी नाही. आणि दोन-तीन प्रकारचे फ्यूज जवळ असू द्या. १५ चा फ्यूज उडतो म्हणून ३० चा टाकला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते.

पुढच्या भागात सेल्फ टेबलावर घेऊन उघडू. कार्बन ब्रश मोजायला व्हर्नियर आणि आर्मेचर घासायला बारीक सँडपेपर जवळ ठेवा, एमरी पेपर नको.